झाड गुदमरतंय, पण हवेमुळे नाही

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलणं जवळपास जसंच्या तसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

  लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकताय, नाइट शिफ्ट करून घरी परतताय की भांडी घासता घासता? जिथे असाल तिथून, स्वागत.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. मेसेज बोईसरहून आलाय, ऑगस्टच्या मध्यात. पाठवणारीचं नाव घेणार नाही, पण तिच्या परवानगीने तिचे शब्द वाचून दाखवते.

"ताई, आम्ही बोईसरला भाड्याने राहतो. वन आरके आहे. मिस्टर शिफ्टला जातात. बाळ सात महिन्यांचं आहे. रात्री कधी कधी कसला तरी उग्र वास येतो, मग मी खिडकी लावून घेते. म्हणून मे महिन्यात नर्सरीतून स्नेक प्लांट आणलं. नर्सरीवाले दादा म्हणाले, हे हवा साफ करतं आणि रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं. बाळाच्या पाळण्याजवळच ठेवलं. आता त्याची पानं बुडातून पिवळी पडून लोळायला लागलीत. ताई, इथली हवा इतकी वाईट आहे का, की झाडसुद्धा जगत नाही? मग माझ्या बाळाचं काय?"

हा मेसेज मी तीन वेळा ऐकला. कारण यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक झाडाचा, एक बाळाचा. आणि तिने झाडाला बाळाचा थर्मामीटर करून टाकलंय. झाड जगलं तर हवा बरी, झाड मेलं तर हवा वाईट. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात हे असंच असतं, बोलत नाही एवढंच. तर आज आपण हे दोन प्रश्न सुटे करू. आधी झाड, मग हवा.

हवा की कुंडी? हे कसं ओळखायचं

मी तिला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या बिल्डिंगमध्ये बाकीच्यांची झाडं कशी आहेत?" ती म्हणाली, "वरच्या काकूंचा कढीपत्ता आणि जास्वंद तर मस्त आहे, बॉक्स ग्रिलमध्ये मावत नाही."

झालं, अर्धं उत्तर इथेच मिळालं.

हवेतल्या वायूमुळे झाडांना इजा होऊ शकते, ते खोटं नाही. सल्फर डायऑक्साइड, क्लोरीन, अमोनिया, हे पानांच्या छिद्रांतून आत जातात आणि पान भाजल्यासारखं होतं. शिरांच्या मधल्या भागावर पांढरट किंवा तपकिरी डाग पडतात, कडा करपतात. पण हवा काही एकट्या तुमच्या कुंडीवर रुसत नाही. तसं झालं तर एकाच वेळी, एकाच परिसरातल्या, वेगवेगळ्या जातीच्या झाडांवर डाग दिसतात. आणि बाहेर उघड्यावर असलेल्या झाडांवर आधी दिसतात, घरातल्यावर नंतर.

आपल्या मसाल्यातलं दगडफूल माहितीय ना? ते फूल नाही. बुरशी आणि शेवाळ मिळून झालेला तो जीव आहे. दगडफुलासारख्या जीवांच्या अनेक जाती सल्फर डायऑक्साइडला इतक्या नाजूक असतात, की हवा बिघडली की त्या झाडांच्या खोडांवरून नाहीशा होतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यावरून हवेचा अंदाज घेतात. स्नेक प्लांट तसं नाही. ते चिवट असतं. त्यामुळे बिल्डिंगमधला कढीपत्ता हसतोय आणि फक्त तुमचं स्नेक प्लांट बुडातून लोळतंय, तर हवेकडे नंतर बघा. आधी कुंडीत बघा.

मुळांनाही श्वास लागतो

आता माझा आवडता भाग. मी पालघरला राहते, मुंबईला जायचं-यायचं होतं. वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मध्ये खाडीवरचा पूल लागतो. ओहोटीच्या वेळी कधी मोबाईलमधून डोकं वर काढून बाहेर बघा. चिखलात तिवराची झाडं दिसतील, आणि त्यांच्याभोवती चिखलातून वर आलेली शेकडो टोकं. कुणीतरी पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. ती तिवराची मुळं आहेत. मुळं जमिनीत खाली जातात असं आपण शाळेत शिकलो, आणि ही वर आलीत! का? श्वास घ्यायला. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आपली मुळं हवेत काढतं. त्यांना श्वसनमुळं म्हणतात.

गाडी पुढे सफाळे, केळवे रोडकडे आली की पावसाळ्यात भातखाचरं दिसतात. भात तर पाण्यातच उभा असतो. मग त्याची मुळं कशी कुजत नाहीत? कारण भाताच्या आत पोकळ नळ्या असतात, पानांपासून थेट मुळांपर्यंत. पानांनी घेतलेली हवा त्या नळ्यांतून खाली पोचते. म्हणजे भात स्ट्रॉने श्वास घेतो म्हणा ना.

तिवराकडे श्वसनमुळं आहेत, भाताकडे नळ्या आहेत. स्नेक प्लांटकडे यातलं काहीच नाही. ते मूळचं आफ्रिकेतलं, कोरड्या भागातलं झाड. जाड पानांत पाणी साठवून ठेवणारं. त्याच्या मुळांना हवा मिळते ती फक्त मातीच्या कणांमधल्या रिकाम्या जागेतून. आपण रोज पाणी घातलं की ती रिकामी जागा पाण्याने भरते. आणि ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्यापेक्षा पाण्यातून तो सुमारे १०,००० पटींनी हळू पसरतो. म्हणजे मुळांच्या नाकातोंडात पाणी गेल्यासारखंच. मुळं गुदमरतात, मरतात, मग कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं.

आणि इथेच सगळी फसवणूक होते. मुळं मेली की ती पाणी वर ओढू शकत नाहीत. त्यामुळे झाड कोमेजतं. आपण बघतो, अरे कोमेजलं, तहान लागली असेल, म्हणून अजून एक तांब्या ओततो. प्रेमानेच ओततो. पण झाड कोमेजलंय आणि माती ओली आहे, तर ती तहान नसते. पाणी समोर आहे आणि प्यायला तोंड राहिलेलं नाही, अशी ती अवस्था. हे एक वाक्य लक्षात ठेवा: कोरड्या मातीत कोमेजलं तर पाणी द्या, ओल्या मातीत कोमेजलं तर पाणी थांबवा.

एक शंका लगेच येईल. "ताई, मग मनी प्लांट बाटलीत नुसत्या पाण्यात कसं वाढतं?" बरोबर प्रश्न. पाण्यात फुटलेली मुळं पाण्यातच वाढायला तयार झालेली असतात, आणि बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात वरून थोडा ऑक्सिजन विरघळत राहतो. ओल्या मातीत मात्र असंख्य जिवाणू असतात, ते तिथला ऑक्सिजन आधीच संपवून टाकतात. म्हणून बाटलीतलं पाणी चालतं, कुंडीतला चिखल चालत नाही. फक्त बाटलीतलं पाणी आठवड्याला बदला. नाहीतर झाड जगेल आणि डेंग्यूचे डासही जगतील. कुंडीखालच्या ताटलीचंही तेच.

तिच्या कुंडीत काय निघालं

मी तिला सांगितलं, "झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मला पानांचा नको, मुळांचा फोटो पाठवा." ती घाबरली होती. उपटलं तर मरेल ना? म्हटलं, तसंच ठेवलं तर नक्की मरेल.

फोटो आला. दोन गोष्टी दिसल्या. कुंडी सिरॅमिकची, दिसायला सुंदर, आणि तळाला भोकच नाही. नुसतं भांडं. मे महिन्यात ऊन होतं, पाणी उडून जात होतं, भागलं. जून लागला, पाऊस सुरू झाला, हवेतच इतकी दमट की वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओले. तिथे कुंडीतली माती कशी वाळणार? पण पाणी घालायची सवय मे महिन्याचीच राहिली.

दुसरी गोष्ट, मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा. हे तुम्ही पण तपासा. आपल्याकडच्या नर्सरीत येणारी खूप रोपं आंध्र प्रदेशातून, राजमुंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकने येतात. इतका लांबचा प्रवास सोसावा म्हणून मुळांना चिकट मातीचा गोळा असतो. प्रवासाला तो चांगला, कुंडीत राहायला वाईट. बाहेर आपण भुसभुशीत माती किंवा कोकोपीट घालतो आणि आत तो गोळा तसाच. बाहेरची माती लवकर वाळते, आत मात्र दिवसेंदिवस ओलंच. रोप आणल्यावर काही दिवस घरात रुळू द्यायचं. मग गोळा बादलीभर पाण्यात बुडवून हलक्या हाताने बराचसा सोडवायचा आणि मग लावायचं.

मुळं बहुतेक तपकिरी, मऊ, हाताला लागताच सुटणारी. वास कुजका. पण कंदाचा एक तुकडा, बोटाएवढा, नारिंगी रंगाचा आणि टणक होता. त्याला एक पान. म्हटलं, एवढं पुरे.

आता बचावाची पद्धत सांगते, लिहून घ्या किंवा खाली ब्लॉगवर वाचा.

एक. कुजलेलं सगळं कापायचं. ब्लेड किंवा कात्री आधी सॅनिटायझरने पुसायची. मऊ भाग एक कणभरही ठेवायचा नाही, कूज तिथून पुन्हा पसरते.

दोन. कापलेला तुकडा लगेच मातीत नाही लावायचा. सावलीत, कागदावर, दोन-तीन दिवस ठेवायचा. पावसाळ्यात पंख्याखाली चार-पाच दिवस. जखमेवर खपली धरू द्यायची.

तीन. नवी माती. आपल्या भागात विकतचं काही आणायची गरज नाही. एक वाटी साधी माती, एक वाटी विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, अर्धी वाटी भाताचा जुना तूस, अर्धी वाटी गांडूळखत. पालघर, वाडा, विक्रमगडकडे भातगिरणी असतेच, तूस तिथे मिळतो. धुऊन, वाळवून वापरा. एक मात्र सांगते, केळव्याच्या किंवा चिंचणीच्या समुद्रावरून पिशवीत वाळू भरून आणू नका. त्यात मीठ असतं, झाड मेलंच समजा.

चार. कुंडी मातीची घ्या, भोक असलेली, आणि लहान. झाड बोटाएवढं आणि कुंडी बादलीएवढी असली तर इतकी ओली माती वाळवणार कोण? सुंदर सिरॅमिकचं भांडं फेकू नका. साधी कुंडी त्यात ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा.

पाच. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. नवा फुटवा दिसेपर्यंत खत नाही. आजाऱ्याला श्रीखंड-पुरी वाढत नाही ना आपण?

आणि कंदच राहिला नसेल, पण एखादं निरोगी पान असेल, तर त्याचे चार-चार बोटांचे तुकडे करून लावता येतात. खालचं टोक खालीच गेलं पाहिजे, उलटं लावलं तर मूळ धरत नाही. म्हणून कापतानाच खालच्या बाजूला त्रिकोणी खाच करून ठेवा. धीर धरा, मुळं यायला दोन महिनेही लागतात. आणि पिवळ्या काठाची जात असेल तर पानापासून आलेलं नवं रोप साधं हिरवंच निघतं. कंदापासून वाढवलं तर पिवळा काठ टिकतो.

स्पंजचा प्रयोग

"पण ताई, मी तर कुंडीच्या तळाला खडी घालते, पाणी निचरतं." हे मला दर भागाला कुणीतरी सांगतं. आज एक प्रयोग करा. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि न पिळता आडवा धरा. थेंब पडतील, मग थांबतील. आता तोच स्पंज उभा करा. काय होतं? अजून पाणी गळतं!

स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. माती म्हणजे स्पंजच. तळाला तिच्यात नेहमी एक ओला थर राहतो. तुम्ही खडी घातली की बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही, आणि तो ओला थर खडीच्या वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. म्हणजे कुंडी उथळ केल्यासारखंच झालं. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी विटांचे तुकडे मातीत मिसळा, तळाला थर करू नका.

तुळशीचं काय

दुसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो तो तुळशीचा. "दरवर्षी आणतो, दरवर्षी जाते. घरात काही दोष आहे का?" नाही हो, दोष-बिष काही नाही.

तुळस घरातलं झाडच नाही, अंगणातलं आहे. गावी वृंदावन बघा. उघड्यावर, दिवसभर ऊन, आणि मुळं खोल जमिनीत. तिथे सकाळी तांब्याभर पाणी घातलं तर जमीन ते पिऊन टाकते. आपण तीच तुळस सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत, उत्तरेच्या खिडकीत ठेवतो, आणि पाणी मात्र वृंदावनाचंच घालतो. वर पूजेचं दूध, हळद-कुंकू, अगदी खोडाशी तेलाचा दिवा.

यावर उपाय आपल्या देव्हाऱ्यातच आहे. पळी! तांब्याऐवजी पळीभर पाणी वाहा. श्रद्धा तीच राहते, मुळंही जगतात. खरं पाणी माती वाळली की द्या. कुंडी निदान दहा-बारा इंची घ्या, पाच-सहा तास ऊन मिळेल अशा खिडकीत ठेवा. मंजिऱ्या आल्या की खुडत राहा. बी धरलं की तुळस आपलं काम झालं असं समजते आणि वाळायला लागते. आणि नीट ऐका, तुळस दोन-तीन वर्षांनी म्हातारी होतेच. म्हणून थोड्या मंजिऱ्या पक्व होऊ द्या, बी वाळवून ठेवा, शेजारी दुसरं रोप तयार करा. जुनी गेली तर ते अशुभ नाही, तिचं वय झालं.

मुळं चांगली निघाली तर

समजा झाड काढून बघितलं आणि मुळं पांढरी, टणक आहेत. मग तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, उजेड. दुपारी झाडाच्या वर हात धरा. पानावर हाताची सावली स्पष्ट पडली तर उजेड भरपूर आहे. पुसट पडली तर सावलीतली झाडं चालतील. सावलीच दिसली नाही, तर तिथे झाड जगत नाही, फक्त हळूहळू मरतं.

दुसरी, क्षार. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरा थर दिसतो का? आपल्या किनारपट्टीला अनेक ठिकाणी बोअरचं पाणी खारट आहे. आणि आरओ मशीनमधून जे पाणी फेकलं जातं, त्यात तर क्षार अजून वाढलेले असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कुंडीत घालू नका, लादी पुसायला वापरा. पानांची टोकं करपत असतील तर बहुतेकदा कारण हे असतं. पावसाळ्यात बॉक्स ग्रिलमध्ये एक बादली ठेवा. पावसाच्या पाण्यासारखं दुसरं पाणी नाही. फक्त बादलीवर झाकण हवं, पुन्हा डासांचाच प्रश्न.

तिसरी, कीड. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा. पानामागे बारीक जाळी आणि धूळ दिसली तर लाल कोळी. ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा, दर तीन-चार दिवसांनी. तसंही रस्त्याकडेच्या घरात पानांवर धुळीचा थर बसतो, त्याने उजेड अडतो. पुसलेलं बरंच.

आणि शिफ्टवाल्यांनो, गणपतीला, होळीला गावी जाताना "आठ दिवसांचं पाणी" एकदम ओतून जाऊ नका. नेहमीएवढंच पाणी द्या आणि कुंडी उन्हातून काढून आत ठेवा. स्नेक प्लांट तर महिनाभर तुमची आठवणही काढणार नाही.

आता बाळाचा प्रश्न

इथवर झाड झालं. पण तिचा खरा प्रश्न झाडाचा नव्हता.

"झाड हवा साफ करतं" हे आलं कुठून? १९८९ मध्ये अमेरिकेत नासासाठी बिल वुल्व्हर्टन यांनी एक अभ्यास केला. बंद पेटीत झाड ठेवलं, आत बेन्झिनसारखा वायू सोडला, काही तासांनी मोजलं, वायू कमी झाला होता. अभ्यास खरा आहे. पण ती होती छोटीशी, हवाबंद पेटी. आपलं घर पेटी नाही. दाराच्या फटीतून, खिडकीतून हवा सतत आत-बाहेर होत असते.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. त्यांनी हिशोब मांडला की घरातल्या साध्या हवेच्या ये-जाएवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. दहा बाय दहाची खोली म्हणजे साधारण ९ चौरस मीटर. कमीत कमी ९० झाडं! मग बाळाला कुठे झोपवणार?

आणि रात्रीचा ऑक्सिजन? स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, हे खरं. पाणी वाचवायची ती त्याची युक्ती आहे. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. अंधारात ते ऑक्सिजन देत नाही. नर्सरीवाले दादा खोटं बोलले असं मी म्हणत नाही, त्यांनी पण कुणाकडून तरी ऐकलेलंच सांगितलं.

उलट एक काळजीची गोष्ट. बाळ आता रांगायला लागेल, हाताला येईल ते तोंडात घालेल. स्नेक प्लांटचं पान चावलं तर उलटी, जुलाब होऊ शकतात. मनी प्लांट तर अळूच्या कुळातलं. अळूची खाज ज्या बारीक स्फटिकांनी येते, तेच त्याच्या पानात असतात. म्हणून दोन्ही झाडं पाळण्यापासून लांब, उंचावर.

मग हवेचं काय? तिची भीती उगाच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यमापन केलं. हवा, पाणी आणि जमीन, तिन्ही धरून. त्यात ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. तारापूरला ९३.६९ मिळाले, देशात सगळ्यात जास्त. परीक्षेत असता तर आपण पेढे वाटले असते. इथल्या मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढा नेला, कारण सांडपाण्याने खाडीतली मासेमारी मारली जात होती. हा प्रश्न एवढा मोठा आहे. तो एका सिरॅमिकच्या कुंडीवर टाकून आपण मोकळं होऊ शकत नाही.

मी तिला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. घरातला धूर आधी कमी करा, कारण तो पूर्ण आपल्या हातात आहे. मच्छर अगरबत्ती, धूप बंद, बाळाला मच्छरदाणी. फोडणी देताना एक्झॉस्ट किंवा खिडकी चालू. उग्र वास आला की खिडकी लावा, वास गेला की आठवणीने उघडा, दिवसभर बंद ठेवू नका. बाळाला घरघर, सततचा खोकला असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि वासाबद्दल त्यांना सांगा. 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक दिसतो, तो बघत जा.

आणि एक वही करा. वास आला ती तारीख, वेळ, किती वेळ टिकला, वारा कुठून होता, डोळे चुरचुरले का. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तारापूरसाठी उपप्रादेशिक कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. "नेहमी वास येतो" या तक्रारीपेक्षा "या चार तारखांना रात्री अमुक वाजता" ही तक्रार वजनदार असते. आणि एकट्याने नको, बिल्डिंगमधल्या पाच-सात जणांनी मिळून करा. वायुगळतीसारखं अचानक काही झालं, तर मात्र वही-बिही सोडा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब निघा आणि ११२ ला फोन करा.

तिने वही सुरू केलीय. वरच्या काकूंच्या घरीही आता एक आहे.

झाडाचं विचाराल, तर आज ऑक्टोबरात, आठ आठवड्यांनंतर नवं पान अजून आलेलं नाही. पण जुनं पान ताठ उभं आहे, आणि हलकं ओढून बघितलं तर माती सोडत नाही. म्हणजे खाली मुळं धरली असावीत. ते आता फ्रीजच्या वर आहे, खिडकीसमोर. तिने मला विचारलं, "हवा साफ करत नाही तर ठेवू कशाला?" मी म्हटलं, आवडत असेल तर ठेवा. झाड घरात ठेवायला तेवढं कारण पुरतं.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. घरातल्या कुंडीत बोट घाला, दोन पेरांपर्यंत. ओलं लागलं तर आज पाणी नाही. कुंडी उचलून तळाला भोक आहे का ते बघा. आणि झाड आजारी असेल तर मला फोटो पाठवा, पण पानांचा नाही, मुळांचा. पुढच्या भागात कढीपत्ता घेऊ, त्याची तर लाईनच लागलीय. तोवर, काळजी घ्या. भेटू!